देवाप्पाची माती

विठोजीला कशाची किळस म्हणून नव्हती. नगरकडचा ख्रिस्ती गडी; दूर कानडी मुलखात, येलहंक्याच्या पल्याडच्या महारोग्यांच्या दवाखान्यात सत्तेचाळीस सालापासून जखमा धुवायचा. पायाच्या भोकातनं चिमट्यानं अळ्या काढायच्या, हात धुवायचे आणि वडाखाली बसून नाचणीचा उंडा गिळायचा. अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात मात्र त्याला किळस आली, ती धडधाकट माणसांची.

देवाप्पा शिंपी मेला होता. बेळगावकडचा, दहाही बोटं झडलेली. सात वर्षांमागं त्याचा बाप्तिस्मा झाला. तेव्हापासून प्रभुभोजनाच्या द्राक्षरसाचा पेला विठोजीच त्याच्या ओठांना लावायचा. चर्चचे पाळक हातभर लांब उभे. मग गेल्या थंडीत गावाकडनं एकुलती लेक गेल्याचं पत्र आलं, तेही तिला मातीआड करून महिना लोटल्यावर. देवाप्पानं दोन्ही मनगटांत बायबल धरलं आणि चुलीत ढकललं. तुमचा देव बहिरा हाय, म्हणाला. पुन्हा उपासनेला फिरकला नाही.

आता मढं खाटेवर, आणि दारात नाकाला रुमाल लावून दोघं: पाळक रत्नाकरराव आणि मंडळीचे पंच आप्पाजी. प्रश्न एकच, कबरस्तानाच्या भिंतीआत, विश्वासणाऱ्यांमधे पुरायचं का बाहेर. पाळकांचं म्हणणं, खरं तारण, देवानं केलेला उद्धार, कधी जातच नाही. म्हणजे ह्याला ते मिळालंच नव्हतं. आप्पाजींचं म्हणणं, मिळालं होतं, ह्यानं घालवलं. बायबलातल्या वचनावर वचन निघालं. मढ्यावर माश्या घोंगावत होत्या, विठोजी त्या हाकलत होता. अर्ध्या तासानं दोघांचं एका गोष्टीवर जमलं: भिंतीबाहेर.

विठोजी खिडकीबाहेर थुंकला.

"पाळकसाहेब," तो म्हणाला, "ह्यानं सोडलं म्हंता. पर धरलं कवा व्हतं? बोटं कुठं व्हती त्येला? सात वरसं पेला म्या धरला."

"ते वेगळं रे. विश्वास ज्याचा त्यानंच धरायचा असतो," आप्पाजी म्हणाले.

"मंग तुमचा प्रभू माझ्यापरास उणाच म्हनायचा. म्या तर एकडाव बी पेला पाडला न्हाई."

आप्पाजींनी दम दिला, भिंतीआत कुदळ पडली तर तुझंही प्रभुभोजन बंद.

विठोजीनं देवाप्पाला कोमट पाण्यानं धुतला, चादरीत गुंडाळला. मग भिंतीच्या आत, चिंचेखाली, एकट्यानं खड्डा खणला. मढं हातगाडीवर घालून आणलं तर फाटकात आप्पाजी आडवे. विठोजीनं गाडी थांबवली नाही, नीट त्यांच्याच रोखानं ढकलली.

"आडवायचं तर धरा ह्येला," म्हणाला.

आप्पाजी रुमालासकट बाजूला सरले.

येत होती तेवढी प्रार्थना विठोजीनं म्हटली आणि माती लोटली.

पुढच्या प्रभुभोजनाला पेला त्याला वगळून पुढं गेला. विठोजी मागच्या बाकावर बसून होता. आप्पाजींनी पेला घेतला, तेव्हा त्यांची ती दहाही धुतलेली, गुबगुबीत बोटं बघून त्याला पुन्हा तीच किळस आली.