अठरा मिनिटांचा नाच

गल्लीत त्याला सगळे पाहुणा म्हणतात. वय त्रेचाळीस. मुक्काम थोरल्या बहिणीच्या शिवणाच्या दुकानामागच्या खोलीत, तोही वर्षातून चार-पाच महिने. उरलेले महिने साहेब परदेशी. धंदा विचारला तर सांगतो, स्वतंत्र समकालीन नृत्यकलाकार. समोरच्या न्हाव्याने एकदा सहज विचारलं, स्वतंत्र म्हणजे कोणापासून? त्यावर पाहुण्याने अशी लांबण लावली की अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक खुर्चीतच पेंगायला लागलं.

अकरा वर्षांत या माणसाने बावीस गावं पाहिली आणि एक नाच बसवला. बसवला म्हणणंही जास्तच झालं, बसवायला घेतला. पाठीवर ओझं वाहणाऱ्या माणसाचा नाच. या लोकांची रीतच अशी आहे. कुठल्यातरी लांबच्या गावातली संस्था दोन महिने राहायला खोली आणि नाचायला लाकडी फरशीचा हॉल देते. त्याला रेसिडेन्सी म्हणायचं. अट एकच, काम अपुरं पाहिजे. पुऱ्या झालेल्या कामाला हॉल कशाला लागतो? शेवटच्या दिवशी पंधरा-वीस माणसं गोळा करायची, अठरा मिनिटं नाचायचं, मग फरशीवर मांडी घालून बसायचं, पाण्याची बाटली उघडायची आणि म्हणायचं, "अजून शोध चालू आहे. तुम्हाला काय वाटलं?" कोणी म्हणतं वडील आठवले, कोणी म्हणतं हात फार बोलके आहेत. पाहुणा ते सगळं वहीत उतरवून घेतो, आणि तेच पुढच्या संस्थेच्या अर्जात घालतो. अर्ज लिहावा तर त्यानेच. असं हे भिजत घोंगडं बावीस गावं फिरलं आणि कुठेच वाळलं नाही.

ताई शाळांचे गणवेश शिवते. शाळा उघडायच्या तोंडावर दिवसाला तीस शर्ट हातावेगळे करते. तिला भावाचं काम कळत नाही, असं पाहुण्याचं मत. ती ते मान्य करते आणि मशीन चालू ठेवते.

मग ते पत्र आलं. एका थंड देशातला मोठा नृत्यमहोत्सव. मुख्य रंगमंच, सहाशे खुर्च्या, प्रेक्षक तिकीट काढून येणारे. शिवाय ठिकठिकाणच्या थिएटरांचे डझनभर संचालक समोर बसणार. त्यांना आवडलं तर दोन वर्षं या माणसाला घरी यायची गरज नाही. पत्र वाचून पाहुणा दुकानभर नाचला, आणि ते त्याचं त्या वर्षातलं सगळ्यात चांगलं काम होतं. पुढे लिहिलं होतं, पूर्ण नाच हवा, पंचेचाळीस मिनिटांचा. त्याने पंचेचाळिसातून अठरा वजा केले आणि कापडाच्या गठ्ठ्यावर बसला.

हातात पाच आठवडे होते. पहिले दोन त्याने महोत्सवाच्या पत्रकासाठी मजकूर लिहिण्यात घालवले. मग परदेशातल्या मित्रमंडळींना फोन करकरून, शेवट ही गोष्टच मुळात जुनाट आहे की काय, यावर गुऱ्हाळ चालवलं. ताईचे कान किटले.

"शर्टाला एकच बाही लावून मी शोध चालू आहे म्हटलं तर हेडसर मला दारात उभं करतील का रे?" ती म्हणाली.

"ताई, कला म्हणजे शर्ट नव्हे."

"तेच म्हणते मी. शर्ट अंगाला येतो."

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी वीज गेली. मशीन बंद पडलं, तशी मागच्या खोलीतून पावलांचा आवाज ऐकू आला. ताईने दार ढकललं. पाहुण्याने भिंतीला पाठ लावली होती आणि पाठीवरचं नसलेलं ओझं तो इंचाइंचाने खाली उतरवत होता. उतरलं. मग तो चालायला गेला तर त्याला सरळ चालता येईना. इतकी वर्षं ओझ्याने तोल सांभाळला होता. तो एका बाजूला कलला, सावरला, पुन्हा कलला, आणि मागे वळलेले रिकामे हात कुठे ठेवावेत ते त्या माणसाला कळेना. बराच वेळ हे चाललं. ताई मानेला टेप लटकवून दारात उभी होती, ती हळूच खाली बसली. तेवढ्या दुपारपुरतं त्याच्याबद्दल वाईट बोलायला जागा नाही.

"हे ठेव," ती म्हणाली. "हा शेवट आहे."

त्यालाही ते कळलं होतं. पुढचे दोन आठवडे त्याने तेच घोटलं. नाच एक्केचाळीस मिनिटांचा भरला. उरलेली चार मिनिटं लोक टाळ्या वाजवतील, म्हणाला, आणि गेला.

तिकडे काय झालं ते त्यानेच परत येऊन सांगितलं, तेही फुशारकीने. अठरा मिनिटं झाली. रंगमंचावर त्याच्यासाठी मुद्दाम भिंत उभी केली होती, तिच्याकडे जायचं होतं. तेवढ्यात तिसऱ्या रांगेत वह्या उघडून बसलेले संचालक दिसले, आणि गडी अर्ध्या वाटेतच थांबला. शेवट केला आणि तो भिकार ठरला तर? अपुऱ्या कामाला आजवर कोणी नावं ठेवली नव्हती. त्याने गुपचूप मांडी घातली आणि सहाशे माणसांना विचारलं, "अजून शोध चालू आहे. तुम्हाला काय वाटलं?"

दिवेवाला बिचारा पुढच्या खुणेची वाट पाहत प्रकाश तसाच धरून बसला. मग मागून कोणीतरी टाळी वाजवली, आणि आपल्याला कळलं नाही असं शेजाऱ्याला वाटू नये म्हणून सगळ्यांनी वाजवली. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं, शेवट नाकारण्याचं धाडस. सात थिएटरांनी बोलावलं. करारात स्वच्छ लिहिलं, नाच असाच अपुरा दाखवायचा, पुढे काहीही जोडायचं नाही.

ताई काजं करत होती. हातातलं काम न थांबवता तिने विचारलं, "आणि ते भिंतीपाशी केलेलं?"

"ते आता नाही करता येणार, ताई. करार आहे."

तिने सुई खोचून ठेवली, उठून दुकानाचं दार लोटलं आणि गिऱ्हाइकासाठीचं स्टूल ओढून मागच्या खोलीत बसली. "मला दाखव एकदा. इथे कोण येतंय बघायला?"

पाहुण्याने भिंतीला पाठ लावली. मग गुडघा दुखतोय म्हणाला, आणि त्या हालचालीमागचा विचार काय होता ते सांगायला लागला. ओझं म्हणजे काय, उतरवणं म्हणजे काय, रिकामे हात म्हणजे काय. वीस मिनिटं तो बोलला, आणि चांगलं बोलला.

ताईने उठून दार उघडलं. बाहेर एक बाई मुलाचं माप द्यायला उभी होती.