गंगुबाई अथेन्सला गेल्या तेव्हा

आमच्या घरात ग्रीसचा एक राजा कित्येक वर्षं मुक्कामाला आहे. भाडं देत नाही, ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करत नाही, आणि त्याच्या पायी माझा किती वेळा चहा थंड झाला त्याला गणती नाही.

नाव त्याचं अलेक्झांडर. जग जिंकायला निघालेला तो नव्हे हो. हा शंभर वर्षांपूर्वीचा, सत्तावीस वर्षांचा पोरगा. बागेत कुत्र्याला घेऊन फिरत होता. कुत्र्याचं आणि कुणाच्या तरी पाळलेल्या माकडाचं जुंपलं, हा सोडवायला गेला आणि माकडाने ह्याचाच पाय फोडला. जखम चिघळली, विष अंगभर गेलं, राजा मेला. इतिहासात एवढंच आहे. पण आमचे हे, म्हणजे हर्षवर्धन, त्याला मरूच देत नाहीत.

कारण ह्यांनाही माकड चावलं होतं. अकोल्याजवळच्या खेड्यात, सहा-सात वर्षांचे असताना. हातात भाकरी होती, माकडाला ती पाहिजे होती, आणि हे तेव्हापासूनच हट्टी. डाव्या पोटरीचा लचका निघाला. माझ्या सासूबाई, गंगुबाई, शेतातलं निंदण टाकून धावत आल्या. पोराला नाल्यावर नेलं आणि कपड्याच्या साबणाने पाय असा घासला, की हे म्हणतात, मला माकडापेक्षा आईचीच भीती वाटली. मग त्याला कडेवर घेऊन अकोल्याचा सरकारी दवाखाना, पोटात इंजेक्शनं. पोरगं वाचलं. पोटरीवर चंद्रकोरीसारखा वण राहिला.

घरात थोरल्याचं नाव शिवराम. हे मात्र दीक्षेनंतर जन्मले, म्हणून सासऱ्यांनी हौसेने बौद्ध राजाचं नाव ठेवलं. नाव राजाचं आणि पायात चप्पल नाही. शिकले, इंजिनियर झाले, आणि आम्ही इकडे कॅनडात, सस्काटूनला आलो. इथे पोटॅशच्या खाणीत सेफ्टीचं काम केलं. जन्मभर दुसऱ्यांना सांगितलं, हेल्मेट घाला, बूट घाला, लहान जखम लपवू नका. लक्षात ठेवा हे, पुढे लागेल.

इथल्या पहिल्याच विंटरमध्ये दाताच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या एका जुन्या मासिकात ह्यांना तो राजा सापडला. घरी आले ते कसनुसा चेहरा करून. बूटही काढले नाहीत.

"यशोधरा, राजा असून मेला गं! महालभर डॉक्टर होते आणि मेला."

"मग आता काय करू? सुतक पाळू?"

"त्याच्याकडे गंगुबाई नव्हती," हे म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

त्या दिवसापासून गंगुबाई अथेन्सला जायला लागल्या. इथे हिवाळ्यात पाच वाजता काळोख पडतो, नदीवर वाफ तरंगते, पूल तिच्यात अर्धे बुडून जातात. अशा वेळी गाडी चालवता चालवता हे सुरू करायचे. बागेत राजा पाय धरून बसलाय. शिपाई धावतायत. आणि झाडांमधून माझी सासू येते, नऊवारीचा काष्टा मारलेला, हातात साबणाची वडी. "सरका रे मुडद्यांनो," म्हणते, आणि राजाला कारंज्यावर नेऊन त्याचा पाय घासते. राजा बोंबलतो. ती त्याला एक चापट ठेवून देते. राजा वाचतो.

मग त्याला आयुष्य पडलेलंच असतं की! राजा जगला म्हणून पुढची मोठी लढाई टळते, लाखो माणसांना घरदार सोडून बोटीत बसावं लागत नाही. असं ह्यांचं म्हणणं, मला काय कळतं? राजा म्हातारा होतो. आगगाडीने कॅनडा बघायला येतो. गव्हाची पिवळी शेतं संपतच नाहीत, तेव्हा त्याला वाटतं हा समुद्रच आहे, आणि तो घाटाच्या पायऱ्या शोधायला लागतो. सस्काटूनला उतरतो, कारण आमच्या घरातून ठेच्याचा ठसका स्टेशनपर्यंत गेलेला असतो. एप्रिलमध्ये असोसिएशनच्या हॉलमध्ये जयंती असली की मागच्या खुर्चीवर बसून बुंदी खातो. आमची लेक केया लहानपणी खरंच एक प्लेट तिथे ठेवायची. मी चिडायची, पण प्लेट उचलायची नाही.

आणि गेल्या जानेवारीत ह्या सेफ्टीवाल्या माणसाने स्वतःचा पाय जाळून घेतला. बर्फ काढून आले, बेसमेंटमध्ये हीटरपुढे पाय पसरले आणि राजाचं काहीतरी सांगत बसले. शुगरमुळे पावलांना काही कळत नाही, हे ह्यांना पक्कं ठाऊक. लोकर जळल्याचा वास मला वर स्वयंपाकघरात आला. खाली जाते तर मोजा तळव्याला चिकटलेला, आणि हे आपले बोलतायत! वर म्हणे, "दुखत नाहीये गं, उगाच बोंब मारू नकोस." जखम माझ्यापासून लपवायला दारामागे स्वतःच ड्रेसिंग करायचे. असा राग आला होता ना मला!

महिन्याभरात हाड सडलं. हॉस्पिटलमध्ये सर्जनबाईंनी स्पष्ट सांगितलं: गुडघ्याखालून पाय काढावा लागेल, उद्या सकाळी. थांबलो तर विष वर चढेल आणि मग आमच्या हातात काही नाही. संध्याकाळपर्यंत पेशंटने हो म्हणायला पाहिजे.

पेशंट भिंतीकडे तोंड करून पडलेला. "तुम्ही सगळे ठरवा," एवढंच बोलला.

शिवरामदादा अकोल्याहून व्हिडिओवर आले. "मी इथून काय सांगू बापा? तुम्ही तिथं आहात." केया म्हणाली, "आय कान्ट बी द वन टू से इट, आई," आणि रडायला लागली. आणि मी? मी सूप घेऊन येते म्हणून खाली सटकले.

कॅफेटेरियाच्या लाइनमध्ये उभी होते. काचेबाहेर बर्फ पडत होता, हळूहळू, कुणी वरून कापूस पिंजत बसल्यासारखा. आणि मला राजा आठवला. त्याच्या खऱ्या गोष्टीत एक तुकडा होता, जो हे नेहमी घाईने उरकायचे. पाय कापावा का, असा विचार तेव्हाही निघाला होता. पण कापा म्हणायची जबाबदारी एकाही डॉक्टरला नको होती. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले आणि पोरगा गेला. मी लाइन सोडली. सूप गेलं खड्ड्यात.

वर येऊन खुर्ची ओढली. "अहो, इकडे बघा. आज राजाचं मी सांगते."

हे वळले नाहीत. पण कान माझ्याकडे होते, इतक्या वर्षांत एवढं कळतं.

"माकड चावलं. ह्या वेळी गंगुबाईंची बोट चुकली. त्या आल्या तोवर पाय काळा पडला होता."

"आई उशिरा येत नाही," हे भिंतीला म्हणाले.

"आज आल्या. साबणाचा उपयोग नव्हता. डॉक्टर सगळे ओळीत उभे, एक बोलेल तर शपथ. राणी दाराशी उभी होती, पोटुशी. ती गंगुबाईंकडे बघते. गंगुबाई तिला म्हणतात, अगं बघतेस काय माझ्याकडे? नवरा तुझा आहे. मग राणी आत येते आणि म्हणते, कापा. काही झालं तर बोल मला लावा. मला ह्याचा पाय नको, हा पाहिजे."

केयाचं रडणं थांबलं होतं. ह्यांनी पांघरूण पायावरून बाजूला सारलं आणि डाव्या पोटरीवर, त्या वणावर हात ठेवला.

"आईने वाचवलेला पाय आहे हा, यशोधरा," हे म्हणाले. आवाज पार फुटला होता. "ती गेली तेव्हा मला तिकीट मिळालं नाही. तिच्या हाताचं माझ्याकडे एवढंच आहे."

लग्नाला एवढी वर्षं झाली आणि हे मला आज कळत होतं. माझेही डोळे भरून आले. पण मी गंगुबाईंची सून आहे.

"काहीतरीच तुमचं," मी म्हटलं. "पायासाठी धावल्या होत्या का त्या निंदण टाकून? पोरासाठी धावल्या. पाय नुसता त्याला लागलेला होता."

हे माझ्याकडे वळले. मग अगदी लहान पोरासारखं विचारलं, "आणि राजा चालतो कसा मग?"

"लाकडी पाय लावून. दिवसभर कुरकुरत, राणीचं डोकं खात. पण चालतो."

ह्यांना हसू आलं आणि हसता हसता रडू. केयाने सर्जनबाईंना बोलावून आणलं. हे त्यांना स्वतःच्या तोंडाने म्हणाले, "यस. टेक इट." त्याआधी मात्र मला वणावर एकदा हात फिरवायला लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी डोळे उघडले. औषधाची गुंगी होती, नजर छताच्याही पलीकडे कुठेतरी. पांघरूण डाव्या बाजूला सपाट होतं. मी तिकडे बघितलं नाही, ह्यांच्या तोंडाकडेच बघत होते.

"राजा?" हे पुटपुटले.

"आहे."

"आई?"

"आत्ताच गेल्या. बोट होती त्यांची."

ह्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग माझा हात चाचपून धरला.

"तू जाऊ नकोस," म्हणाले. "राजाला चहा पाहिजे."