चारही काचा

न्यूझीलंडमधल्या अल्बनीतले आमचे शेजारी भूल देणारे डॉक्टर आहेत. कुंपणापाशीसुद्धा ते आधी एखादा सोपा प्रश्न विचारतात आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबतात. मला त्या सवयीचा राग यायचा. आपल्यालाच ऑपरेशनच्या टेबलावर घेतलंय असं वाटायचं.

जुलैत, तिथल्या ऐन हिवाळ्यात, त्यांच्यासोबत त्यांच्या गाडीतून मी आणि माझी मुलगी पार उत्तरेच्या टोकाकडे निघालो. तिथे मैलोन् मैल किनाऱ्याची वाळू हाच रस्ता. फोटोंच्या नादात मी तासभर घालवला आणि भरती सुरू झाली. बाहेर पडायची वाट पुढच्या ओढ्यातून होती. लाटा चाकांना भिडू लागल्या.

"मीरा, वर्गात तुझ्या शेजारी कोण बसतं गं?" डॉक्टरांनी विचारलं.

"रूबी! शी हॅज अ पोनी."

"हो? बेल्ट काढ, बाबाच्या मांडीवर बस आणि नीट सांग." बोलता बोलता त्यांनी चारही काचा खाली केल्या. बोचरं वारं आत घुसलं.

"अहो डॉक्टर, थंडी केवढी आहे! काचा लावा ना," मी ओरडलो.

"असू दे."

ओढा ओलांडून गाडी पक्क्या रस्त्याला लागली, तेव्हा त्यांनी काचा वर केल्या. पाण्यात अडकलेल्या गाडीची दारं उघडत नाहीत, हे मला तेव्हा कुठे आठवलं.

मीरा अजून पोनीबद्दलच सांगत होती. डॉक्टर तिचं पूर्ण व्हायची वाट बघत होते.