अंघोळ घातलेलं कोकरू

परवा येरमाळ्याला एका लग्नात पंगत उठल्यावर हात धुवायला गेलो. नळाच्या कट्ट्यावर साबणाची गुलाबी वडी होती, पाचेकशे हातांतून जाऊन पापडाएवढी पातळ झालेली. ती घेतली, फेस केला, आणि तो गुलाबाचा वास नाकात शिरला मात्र, मला असं हसू फुटलं की शेजारी चूळ भरणारे नवरीकडचे एक वजनदार पाहुणे दचकले आणि ती चूळ गिळून बसले. माझं हसणं तसं पंचक्रोशीत नावाजलेलं आहे. मांडवातले वाजंत्रीवाले वाद्यं खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिले, असं मी घरी येऊन सांगितलं. खरं म्हणजे फक्त सनईच थांबली होती, आणि तीही बहुधा जेवायला. पण हसता हसता डोळ्यांत पाणी का आलं, हे काही मला घरी सांगता आलं नाही. ते तुम्हाला सांगतो. एखादा वास माणसाला मानगुटीला धरून दहा वर्षं मागं नेतो, हे तुम्हीही अनुभवलं असेल.

मी एस.टी.त कंडक्टर होतो. निवृत्त झालो आणि बेंबळीजवळच्या आमच्या तीन एकरांत येऊन टेकलो. आयुष्यभर माणसं चढवली-उतरवली, आता हाकायला काहीतरी पाहिजे म्हणून पाच मेंढ्या आणि एक एडका आणला. मला वाटलं, यात शिकण्यासारखं काय आहे? पण पहिल्याच सकाळी मी नेहमीच्या सवयीनं मागं उभा राहून "पुढं सरका, पुढं सरका!" असा आवाज टाकला, आणि पाचही मेंढ्या पुढची सगळी जागा मोकळी सोडून माझ्या पायांत येऊन दाटल्या. तीस वर्षं प्रवाशांनीही हेच केलं होतं. एडक्यानं तर मला अशी एक धडक दिली की मी बांधावरून शेजाऱ्याच्या हरभऱ्यात जाऊन पडलो; नोकरीत असतो तर तेवढ्या अंतराचं तिकीट फाडावं लागलं असतं.

तेव्हा बांधावर उभं राहून हे सगळं बघणारी एक बाई खो खो हसत होती. ती आमची मावशी. म्हणजे नात्याची नव्हे. ती मेंढपाळ. दर वर्षी मार्गशीर्ष लागला की दोनशे मेंढ्या, दोन घोडी, लेकं-सुना असं सगळं बिऱ्हाड घेऊन ती आमच्या भागात उतरायची आणि ज्याच्या त्याच्या मोकळ्या रानात खतासाठी मेंढ्या बसवायची. अंगानं वाळकी काटकी, हातात बाभळीची काठी, आणि चालणं असं की पाय जमिनीला लागतात की नाही याची शंका यावी. वयानं ती माझ्याहून चार वर्षांनी लहानसुद्धा असेल. पण गावानं तिला मावशी म्हटलं म्हणून मीही म्हटलं, आणि तिनं मला कायमचं "कंडक्टर" करून टाकलं.

"कंडक्टर, मागनं वरडू नगा," ती म्हणाली. "बाजूनं चाला. आन् जरा दमानं. मेंढरू हाय ते, बहिरं न्हाय."

तिथून माझी शाळा सुरू झाली. ओल्या दवाचं गवत पोटात जाऊ द्यायचं नाही, ऊन चढल्यावरच रानात सोडायचं. कातरताना कातर अंगावर आडवी ठेवायची, टोचती नाही. गाभण मेंढीला दरवाजातून दाटीनं आत घ्यायचं नाही. असं ती सांगायची आणि मी मान डोलवत मनातल्या मनात दुसरंच काही ठरवायचो. कारण तीस वर्षं ज्यानं ‘गाडीत जागा आहे’ म्हणून सांगितलं, त्याला दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवय कशी असणार?

मग आला पौष. त्या वर्षीची थंडी तुम्हाला काय सांगू! आमच्या कोंबड्याची बांग घशातच गोठली आणि ऊन वर आल्यावर नऊच्या सुमाराला सुटली, तीसुद्धा दोन हप्त्यांत. त्या दिवशी सकाळी आमची काळतोंडी मेंढी व्याली. आमच्या गोठ्यातलं पहिलं कोकरू. मी गेलो तेव्हा ते नुकतंच जमिनीवर पडलेलं, चिकट, पिवळसर, थरथर कापत होतं, आणि आई त्याला जिभेनं चाटत होती. मला त्या दोघांची इतकी दया आली! म्हटलं, बिचारी, हिच्याजवळ टॉवेल नाही, गरम पाणी नाही, अशा थंडीत ओलं लेकरू जिभेनं कधी कोरडं व्हायचं? आमच्या बंबात पाणी तापलेलंच होतं. मी कोकरू उचललं, कोमट पाण्यात बसवलं, लग्नाकार्यासाठी जपून ठेवलेली गुलाबाची नवी वडी फोडली, आणि असं चोळून चोळून न्हाऊ घातलं की ते पांढरं शुभ्र होऊन स्वतःलाच ओळखेना. मग माझ्या धुवट पंच्यानं पुसलं. वर पावडरही लावली. गोठा स्वच्छ झाडला. व्याल्यावर मेंढीची पडलेली वार, ती घाण तिथं कशाला म्हणून, लिंबाखाली खड्डा खणून पुरून टाकली.

कडबा घेऊन बायको आली आणि दारातच उभी राहिली.

"अहो, हे काय करलालाव?"

"अंघोळ घातली. नवा पाहुणा आहे आपला."

तिनं वास घेतला. "आन् पावडर पण लावलाव व्हय? आता टोपडं तेवढं घाला."

मी मोठ्या थाटात कोकरू आईपुढं ठेवलं. काळतोंडीनं नाक लावलं. एकदाच. मग ती दोन पावलं मागं सरली, पुढचा पाय जमिनीवर आपटला, आणि त्या एवढ्याशा जिवाला डोक्यानं ढकलून दिलं. ते गडगडत भिंतीशी गेलं. पुन्हा उठलं, लटपटत तिच्या पोटाखाली शिरायला बघू लागलं. तिनं पुन्हा उडवलं. आणि मग तिनं जे केलं ते मी अजून विसरलेलो नाही. जिथं ती व्याली होती तिथल्या ओल्या मातीला नाक लावून ती हुंकारू लागली. व्यालेली मेंढी आपल्या पिल्लाला बोलावते तो खालचा, घशातला आवाज. माती हुंगायची, हुंकारायची, चारी दिशांना मान फिरवून बघायची. तिचं लेकरू हरवलं होतं. आणि ते तिच्यापासून हातभर अंतरावर, गुलाबाच्या वासात बुडून, भुकेनं ओरडत उभं होतं.

बायकोनं मेंढीचा पाय धरून वाटीत थोडा चीक काढला, चमच्यानं पाजून बघितला. कोकरानं दातखीळ बसल्यासारखं तोंड आवळून धरलं. त्याचे पाय गार पडत चालले होते. "पहिला चीक पोटात न्हाय गेला तर हे दुपार बघत न्हाय," ती म्हणाली, आणि माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी मोटारसायकल काढली.

मावशीचा तळ ओढ्यापलीकडं तुरीच्या मोकळ्या रानात होता. त्या दिवशी त्यांना लोहाऱ्याच्या बाजूला हलायचं होतं. घोड्यांवर बिऱ्हाड चढलं होतं, लेकं मेंढ्या गोळा करत होती. मी धापा टाकत सगळं सांगितलं. तिनं एकच विचारलं.

"साबण वासाचा हुता का?"

"व्हय. गुलाबाचा."

ती मटकन खालीच बसली. मला वाटलं, हसेल. ती हसली नाही.

"आगं आई गं. कंडक्टर, तुमी तिचं लेकरूच पुसून टाकलाव की वो."

लेकांना तिनं हातानंच "व्हा पुढं" म्हणून खूण केली. दोनशे मेंढरं एका वाटेनं गेली आणि ती एका कोकरासाठी माझ्या मागं गाडीवर बसली. आयुष्यात पहिल्यांदाच बसली असावी, कारण गोठा येईस्तोवर तिनं माझा सदरा सोडला नाही, आणि पुढं तो सदरा कुणालाही दाखवला तर मी सांगत असे की ही ताण पडून झालेली लांबी आहे.

गोठ्यात येताच ती म्हणाली, "वार कुठंय?"

"पुरली. लिंबाखाली. पुरुषभर खोल."

"उकरा."

मी उकरलं. वीतभरच खोल होती. एवढी वर्षं बोलत आलो, पण आपली थाप खोटी निघाल्याचा आनंद मला तेवढा एकदाच झाला.

मग तिनं जे केलं ते बघून माझ्यासारख्या धुवट पंच्याच्या माणसाला घेरी यायची बाकी होती. कोकराला आधी साध्या पाण्यानं खळाखळा धुतलं, आई हुंगत होती त्याच ओल्या मातीत लोळवलं, आणि ती वार डोक्यापासून शेपटीपर्यंत चोळली. बायकोकडून खडेमीठ कुटून घेतलं, पाठीवर भुरभुरलं. मिठाच्या ओढीनं तरी मेंढी जीभ लावील म्हणून. शेवटी मेंढीचाच चीक दोन बोटांवर पिळून शेपटीच्या बुडाला लावला. "पिताना आई हितंच हुंगती," ती म्हणाली. मी ज्याला घाण म्हणून पुरून आलो होतो ते तिनं एकेक करून त्या जिवाला परत दिलं. कोपऱ्यात फळी आडवी लावून दोघांना तिथं ठेवलं आणि ती माझ्याकडं वळली.

"आता हितनं चला. आन् तोंड मिटा."

"मी काय बोलतोय?"

"तुमी बोलला की तिचं कान तुमच्याकडं लागत्यात. मग वासाकडं ध्यान कसं जाईल?"

कडब्याच्या गंजीआड आम्ही तिघं बसलो. माझ्या हिशेबानं चार तास. बायको म्हणते, वीस मिनिटं. गप्प बसायचं म्हणजे काय असतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं. आत कोकरू ओरडायचं, धप्पकन आवाज यायचा, म्हणजे पुन्हा ढकललं. दर वेळी मी उठायला बघायचो आणि मावशी काठी माझ्या गुडघ्यावर ठेवायची. ती स्वतः हलत नव्हती. कान आत आणि डोळे लांब, जिथं तिच्या मेंढ्यांची धूळ विरत चालली होती तिकडं. माझी बायको पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत होती. मग कोकराचं ओरडणं बारीक झालं. मग थांबलं. मी मनात म्हटलं, संपलं. माझ्या दयेनं मारलं त्याला.

तेव्हा तो हुंकार आला. खालचा, घशातला. पण या वेळी तो भिरभिरत नव्हता. एका जागी होता. त्यामागून जिभेचा खरखरीत आवाज, आणि मग चुटुचुटु. मी गंजीआडून मान काढली. काळतोंडी मान वळवून शेपटीचं बूड हुंगत होती, आणि पोटाखाली ती इवलीशी शेपटी अशी थरथरत होती की बघणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. माझं तोंड उघडलं. गावभर ऐकू जाईल अशी आरोळी ठोकायला छाती भरली होती, तोच मावशीनं आपला मिठाचा, वारेचा, चिकाचा हात माझ्या तोंडावर दाबून धरला. मी तसाच बसून राहिलो. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. काही त्या वासानं, काही कशानं.

जाताना ती गाडीवर बसेना. "तुमी वाटंनं बोलणार," म्हणाली, आणि लोहाऱ्याच्या दिशेनं चालू लागली.

पुढं तीन हिवाळे ती आली. मग नाही आली. आमच्याकडं आता रानोरान तारेची कुंपणं झालीत, माळावर सोलरच्या काचा उभ्या राहिल्यात, मेंढरांच्या जुन्या वाटा मधेच तुटतात. एकदा रस्त्यावर दुसराच एक कळप दिसला, तर मी गाडी थांबवून मेंढपाळांना विचारलं. "कुठली म्हातारी? नाव काय?" त्यांनी विचारलं. मी वर्णन सांगू लागलो: वाळकी, काठी बाभळीची, चालते तर पाय टेकत नाहीत. ते हसले. "तशा समद्याच हायत्या आमच्यात. नाव सांगा की." एवढ्या वर्षांत मी तिच्यापुढं किती बोललो होतो. माझी नोकरी, माझे घाट, माझे अपघात. तिला तिचं नाव विचारायला माझ्या बोलण्यात कधी फट राहिली नव्हती.

आता आसपासच्या वस्त्यांवर कुणाची मेंढी पिल्लाला जवळ घेईना की मला बोलावणं येतं. मी जातो, जमेल ते करतो, मग सगळ्यांना गोठ्याबाहेर काढून गप्प बसवतो. कोकरू प्यायला लागलं की लोक म्हणतात, कंडक्टरनं भारी युक्ती काढली. मी म्हणतो, माझी नव्हे, मावशीची. कुणाची मावशी, असं कुणीतरी विचारतंच. "आमची," मी सांगतो, आणि त्याच्यापुढं मला काही रचावंसं वाटत नाही.