भर उन्हातला नीलवंत

बालाजी गेल्याचं कळलं तेव्हा मला पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. हे लिहू नका असं घरच्यांचं म्हणणं आहे, पण ते गाळलं तर पुढचं काही लिहिण्यात अर्थ नाही. रविवारची सकाळ होती. सांगवीतल्या घरी मी लेन्स पुसत बसलो होतो आणि चाकणजवळच्या निघोज्याहून बबनरावांचा फोन आला. बबनरावांची बरीचशी जमीन कंपन्यांकडे गेली, उरलेल्या तुकड्यात त्यांनी फुलझाडांची नर्सरी केली आहे आणि तिथेच, कडक उन्हाळा सोडला तर दर रविवारी, आमचा ग्रुप फुलपाखरांचे फोटो काढायला जातो. "साहेब, बालाजी गेला वो. काल कंपनीत, मशिनपुढं हुबा व्हता. छातीत कळ आली म्हनला आन् बसलाच खाली. दवाखान्यात न्यायाला बी येळ मिळाला न्हाई." मी अरे अरे म्हणालो, कुठे ठेवलंय, गावी नेणार का, सगळं रीतसर विचारलं. आणि विचारता विचारताच मनात येऊन गेलं, की चला, आता ते बोलायचा प्रसंग टळला... सेहेचाळीस वर्षांचा माणूस गेला होता आणि मला माझं ओझं उतरल्याचं बरं वाटत होतं.

ते ओझं काय होतं हे सांगण्याआधी मला माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. आधी भोसरीत आणि मग चाकणला, अशी तीस वर्षं मी फायनल इन्स्पेक्शनला काढली. माल गाडीत चढायच्या आधीची शेवटची नजर माझी. चूक सापडली की तुकड्याला लाल टॅग लावून बाजूला ठेवायचा, मग तो कुणी केलाय, किती मेहनतीने केलाय, हे बघायचं नाही. मला त्याचा अभिमान होता. माझी जीभही तिखट, त्यामुळे ऑपरेटर लोक मला टरकून असायचे आणि तेही मला आवडायचं. निवृत्त झाल्यावर कॅमेरा घेतला, चार समवयस्क जमवले, त्यांचे आणखी चार झाले आणि ग्रुप उभा राहिला. साहजिकच त्याचा प्रमुख मी. फोटो पास की नापास हे मी ठरवायचो. लोक गमतीने म्हणायचे, सरांचा टॅग पडला का? मीही हसायचो. पण आत कुठेतरी मला ती गंमत वाटत नव्हती, ती मला नोकरीच वाटायची.

या ग्रुपमध्ये बालाजी कसा आला ते आठवत नाही. बहुतेक बबनरावांनीच आणला. लातूरकडचा, भोसरीत एका वर्कशॉपमध्ये ग्राइंडिंगला, एका खोलीत बायकोसह राहणारा. बाकी सगळे आम्ही निवृत्त नाही तर आयटीतले, लांब नळ्यांसारख्या लेन्स घेऊन फिरणारे. त्याच्याकडे कुणीतरी वापरून टाकलेला कॅमेरा होता, पट्टा तुटलेला, त्याला त्याने कंपनीतला जाड दोरा बांधला होता. आम्ही सकाळी सातला बबनरावांच्या बागेत असायचो, कारण कोवळ्या उन्हात फुलपाखरं सुस्त बसतात आणि रंगही खरे येतात. बालाजी यायचा अकराला. रविवारी त्याचा ओव्हरटाइम असायचा, तो संपवून बसने, मग शेअर रिक्षाने, मग चालत. तोवर आम्ही मिसळ खाऊन घरी निघालेले. वाटेत कधी भेटला तर मी म्हणायचो, "काय बालाजी, फुलपाखरांना जेवायला बोलावलंय का?" तो हसायचा आणि म्हणायचा, "तेवढाच टाइम भेटतोय सर." आणि त्या भर उन्हात, डोळ्यांसमोर पांढरं होईल अशा उन्हात, एकटा बागेत शिरायचा. दुपारच्या उन्हात फुलपाखरू क्षणभर टिकत नाही आणि फोटो भाजून निघतो हे त्याला मी दहादा सांगितलं होतं. सांगून उपयोग नव्हता, त्याच्याकडे दुसरी वेळच नव्हती. हे मला तेव्हाही कळत होतं.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतरच्या रविवारी त्याने ग्रुपवर एक फोटो टाकला. लाल एक्झोऱ्याच्या गुच्छावर नीलवंत, आपल्या राज्याचं फुलपाखरू. पंख पूर्ण उघडे, काळ्या मखमलीवर निळी पट्टी, पंखाच्या कडेवरचा एकेक ठिपका मोजून घ्यावा इतका स्पष्ट. डोक्यावरचं ऊन असं पडलं होतं की निळा रंग जळत असल्यासारखा दिसत होता. मी पंधरा मिनिटं तो फोटो मोठा करून करून बघितला. खरं सांगतो, माझ्या पोटात दुखलं. नीलवंत फुलावर बसला तरी पंख फडफडवत राहतो, मला चार वर्षांत एकदाही तो स्थिर मिळाला नव्हता. आणि हा भर दुपारी, दोरा बांधलेल्या कॅमेऱ्याने! ग्रुपवर वाहवा सुरू झाली. आम्ही दरवर्षी एक कॅलेंडर छापतो, त्याच्या मुखपृष्ठासाठी हाच, असं दोघातिघांनी लिहूनही टाकलं.

मग माझी तीस वर्षांची नजर कामाला लागली. पंखाला एक ओरखडा नाही, कुठे टवका उडालेला नाही, मागच्या पंखांची कड अखंड. बागेत हिंडलेलं फुलपाखरू असं असतं का? माझ्या धंद्यात शिकलो होतो, की ज्या तुकड्यावर हत्याराची खूणच नाही तो त्या मशिनवर झालेला नाही, कुणीतरी दुसरीकडून आणून ठेवलाय. काही लोक फुलपाखरू पकडून डबीत घालतात, डबी फ्रीजमध्ये ठेवतात, गारठून ते लुळं पडलं की फुलावर मांडून फोटो काढतात. पुष्कळदा ते त्यातच मरतं. आमच्या ग्रुपचा पहिला नियम हाच, की असलं चालणार नाही. मी फोन करून विचारू शकलो असतो. मी त्या फोटोवर लाल टॅगचं चित्र चिकटवलं, 'रिजेक्ट' लिहिलं आणि खाली मजकूर टाकला : "भर दुपारी इतकं शहाणं बसणारं फुलपाखरू फक्त फ्रीजमधूनच येतं." तीन मिनिटांत हसण्याची चित्रं पडू लागली. ज्यांनी वाहवा केली होती त्यांनीच पाडली. बालाजीने लिहिलं, "सर मी तसं नाही केलं. एकदा घरी या, दाखवतो." मी लिहिलं, "काय, फ्रीज?" त्यावर तर लोक लोळायचेच बाकी राहिले.

त्यानंतर बालाजीने ग्रुप सोडला नाही, तो भांडला नाही, बागेत मात्र येईना. मुखपृष्ठावर माझा फोटो गेला, झेंडूवरचं साधं पिवळं फुलपाखरू. बरा होता. छापलेली कॅलेंडरं वाटताना त्याचीही प्रत मी बबनरावांकडे ठेवली, आपण कसे मन मोठं ठेवून वागतो हे दिसावं म्हणून. बबनराव प्रत घेताना म्हणाले, "साहेब, त्यो पोरगा फुलपाखराला मारायचा न्हाई. म्या बघितलंय त्याला, अळी बी उचलायची तर पानासकट उचलतोय." मी म्हटलं, "बबनराव, तुम्ही रोपं बघा, फोटोतलं मला कळतं."

संक्रांतीला मी त्याच्याकडे गेलो. तीळगुळाची पुडी खिशात होती, भोसरीत दुसरं एक काम होतं, आणि बबनरावांचं ते वाक्य डोक्यातून जात नव्हतं. चाळीसारखी खोल्यांची ओळ, खाली लेथचा आवाज, जिना लोखंडी. मला दारात बघून बालाजीचा चेहरा जो उजळला तो मी विसरू शकत नाही. "या की सर, या!" म्हणून त्याने एकुलती खुर्ची पुसून दिली. त्याच्या बायकोला, सुनंदावहिनींना, हाक मारून म्हणाला, "अगं सर आलेत, सर!" भिंतीवर माझा फोटो असलेलं कॅलेंडर लावलेलं होतं. मी बसलो, घाम पुसला आणि गार पाणी मागितलं. वहिनींनी माठातलं पाणी दिलं. म्हणाल्या, "फ्रीज नाई आमच्यात. जागाच नाई बघा ठेवायला." त्या अगदी साधेपणाने बोलल्या, त्यांना ग्रुपवरच्या मजकुराचं काही माहीत नसावं. मी पेला हातात धरून खोलीच्या चारही कोपऱ्यांत नजर फिरवली. एवढीशी खोली, बघायला वेळ लागला नाही.

बालाजीने मला गॅलरीत नेलं. पत्र्याच्या डब्यांत लिंबाची चार आणि पपनसाचं एक रोप, वर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा. पानं कुरतडलेली, काड्यांवर रिकामे कोष. बबनराव फवारणी करायच्या आदल्या दिवशी तो तिथल्या झाडांवरच्या अळ्या गोळा करायचा, घरी आणून वाढवायचा. कोष उलायला आला की रोप मांडीवर घेऊन शेअर रिक्षाने निघोज्याला न्यायचा, कारण भोसरीतल्या खोलीतून सोडलेलं फुलपाखरू जाणार कुठे? "नवीन निघाल्यावर ते तास-दोन तास उडतच नाई सर. पंख वाळवत बसतंय. तेवढ्यात काढला." कॅमेऱ्यात त्या दिवशीचे ओळीने सगळे फोटो होते. कोष चिरलेला, मग चुरगळलेले ओले पंख, मग ते हळूहळू भरत गेलेले, मग त्याच्या बोटावर, मग एक्झोऱ्यावर. शेवटचा रिकाम्या गुच्छाचा, फुलपाखरू उडून गेल्यानंतरचा. पंखावर ओरखडा नव्हता कारण त्या पंखांना जगात येऊन दोन तास झाले होते.

तिथेच बोलायला हवं होतं. बालाजी, माझं चुकलं, एवढंच. तो माझ्या तोंडाकडे बघत उभा होता, ऑपरेटर मोजमाप चालू असताना बघतात तसा. मी म्हणालो, "कॅमेऱ्याची बॅटरी बरी टिकते की तुझी..." मग थंडीवर बोललो, ओव्हरटाइमवर बोललो, चहा प्यायलो, तीळगूळ दिला आणि उठलो. जिना उतरताना ठरवलं की घरी जाऊन ग्रुपवर नीट लिहायचं. घरी गेल्यावर वाटलं, घाई काय आहे, कॅलेंडर तर लागलंय सगळ्यांच्या भिंतीवर, आता उकरून काढलं तर माझी शोभा होणार. उद्या लिहू. मग होळीनंतर लिहू. मग आता फार दिवस झाले, आता लिहिलं तर लोक विचारतील इतके दिवस काय केलंत. असं करत मी मूग गिळून बसलो. मे महिन्यात तो गेला. फोटो नापास करायला मला तीन मिनिटंही लागली नव्हती.

तेरावं गावी झालं. वहिनी परत आल्याचं बबनरावांनी सांगितल्यावर मी गेलो. खोली तशीच, खुर्ची तीच. वहिनी पोळ्या लाटत होत्या. मी बराच वेळ इकडचं तिकडचं बोललो आणि शेवटी म्हटलं, "वहिनी, त्या फोटोचं माझ्याकडून..." त्यांनी लाटणं थांबवलं नाही. "त्यांना कळलं होतं की, तुमी बघून गेलात ते. त्याच दिवशी म्हणले, सरांनी डोळ्यानं बघितलंय आता, सर टाकतेत ग्रुपवर. मी म्हणले, तुमीच टाका की लिहून. तर म्हणले, आपण लिहिलं तर सफाई दिल्यासारखं होतंय, सरांनी लिहू दे. जेवायला बसलं की ताटापुढं फोन उभा करून ठेवायचे. वाजला की घास ठेवून बघायचे." त्यांनी मान वळवून दाखवलं. भिंतीशी त्याचं ताट मांडलेलं होतं, आणि ताटापुढे डब्याला टेकवून त्याचा फोन. "मी ठेवतेच अजून. चार्जिंग करते. हात तसाच जातोय."

मी खिशातून माझा फोन काढला आणि तिथेच बसून लिहिलं. बालाजीचा फोटो शंभर टक्के खरा होता, फुलपाखरू त्याने अळीपासून वाढवलं होतं, मी ते संक्रांतीला स्वतः बघितलं आणि तरीही गप्प राहिलो, चूक सर्वस्वी माझी. पाठवलं. ताटापुढचा फोन वाजला. वहिनींचं लाटणं थांबलं. मग तो पुन्हा वाजला, पुन्हा, मग वाजतच राहिला. "काय म्हणतेत हो?" त्या म्हणाल्या, "माझे हात पिठाचेत. वाचून दाखवा की."

मी वाकून तो फोन उचलला. 'सर, चूक कबूल करायला मोठं मन लागतं.' 'सलाम सर.' 'असे गुरू मिळायला भाग्य लागतं.' 'सर, डोळ्यांत पाणी आणलंत, ग्रेट.' हात जोडल्याची चित्रं, फुलांचे गुच्छ. मी वर सरकवत गेलो, खाली सरकवत गेलो. एकात तरी फोटोबद्दल असेल म्हणून शोधत राहिलो. मग म्हणालो, "सगळे म्हणतायत, बालाजीसारखा फोटो आजवर कुणी काढला नाही. म्हणतायत, कॅलेंडरवर तोच हवा होता." माझा आवाज बरा लागला होता.

वहिनींनी हात धुतले, पदराला पुसले, फोन माझ्या हातातून घेतला आणि खिडकीपाशी उजेडात नेला. एकेक ओळीवर बोट ठेवत त्यांनी सगळं वाचलं. त्यांना वेळ लागला, पण एकही सोडलं नाही. मग फोन आणून पुन्हा ताटापुढे टेकवून ठेवला, पडत नाही ना बघितलं, आणि म्हणाल्या, "तुमच्याबद्दल लई चांगलं लिहिलंय, सर."