पंख्याचं बटण

ज्या सराफाच्या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही असं मी दोन वर्षं सांगत होते, त्याच सराफाने ठेवलेल्या 'माझी आई' निबंध स्पर्धेत माझी मुलगी पहिली आली. बक्षीस सोन्याचे कानातले, तेही आईसाठी. आईने स्वतः येऊन घ्यायचे.

काय लिहिलंस, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, तिकडेच ऐक. मला दोन वर्षांपूर्वीचा तो दिवस आठवला.

कामोठ्यात हातगाडीवर भाजी विकून मी दोन गाळे केले. दुसरा गाळा झाला तेव्हा जुन्या कुड्या मोडून नवे कानातले घ्यावेत म्हणून पनवेलला या शेठकडे गेले होते. मुलगी तिसरीत, माझा हात धरून उभी. शेठने कुड्या काट्यावर ठेवल्या. काट्याची काच उघडी, वर पंखा गरगरतोय, आकडा काही ठरेना. माझा सगळा जन्म वजनावर चाललेला. मी म्हटलं, आधी पंखा बंद करा. शेठ बाकीच्या गिऱ्हाइकांकडे बघून हसले.

"मावशी, ही भाजीची गाडी नव्हे."

वयाने ते माझ्या वडिलांएवढे, आणि मी मावशी! मग मी मंडईतला आवाज लावला. काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या बायका सरकून बसल्या. त्या गडबडीत मुलीने माझा हात सोडला. वळून पाहिलं तर ती लांब दाराशी, भिंतीकडे तोंड करून उभी. पोरीला आपली लाज वाटली, हे मी तिथेच ओळखलं. कुड्या उचलून निघाले. रिक्षात ती एक शब्द बोलली नाही. पुढे मी तिला कुठल्याही दुकानात नेलं नाही. शेठवरचा राग मी भेटेल त्याला ऐकवला. पोरीला माझी लाज वाटली, हे मात्र कुणालाच सांगितलं नाही.

बक्षीस समारंभ दुकानातच होता. निबंध शाळेतल्या बाईंनी तपासलेले, त्यामुळे शेठनेही तिचा निबंध वाचलेला नसावा. मुलगी वाचायला लागली. आधी गाळा, मग माझ्या हातची भाकरी, आणि मग हेच दुकान. माझे कान तापले. शेठ माइकच्या बाजूलाच उभे होते.

"आई भांडत होती, म्हणून पंखा मीच बंद करायला गेले," ती वाचत होती. "बटणं दाराजवळ होती. मी खूप टाचा उंच केल्या, पण हात पोचला नाही. रिक्षात मी आईशी बोलले नाही, कारण माझ्यामुळे ती हरली."

लोक हसले, टाळ्या वाजल्या. मी खुर्चीत सैल होऊन बसले. लाज नव्हतीच. पोर बटण शोधत होती.

शेठने डबी हातात देताना मला ताई म्हटलं. माफी मागितली नाही, आणि ते मी विसरणारही नाही. सवयीने मी डबी तळहातावर तोलून पाहिली. मुलगी कानाशी आली.

"आई, वजन करायला सांगायचं का? आता पोचतो माझा हात."

"राहू दे," मी म्हटलं, "उकडतंय." आणि पंख्याखालीच कानातले घातले.