उशीर दाराला
परळला आमच्या खोलीसमोर गिरणीचं फाटक होतं. रोज दुपारी एक कामगार तान्ही मुलगी कडेवर घेऊन तिथे उभा असे. सकाळपाळी संपवून बायको बाहेर आली, की मुलगी तिच्याकडे देऊन तो दुसऱ्या पाळीला आत जाई. घरी सांभाळणारं कुणी नव्हतं, म्हणून मॅनेजरने त्यांना कायमच्या वेगळ्या पाळ्या दिल्या होत्या. अट एकच, उशीर झाला की सवलत बंद.

संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाचे दिवस होते. एके दुपारी लालबागकडे गोळीबार झाला आणि फाटक बंद झालं. सकाळपाळी आतच अडकली. भोंगा झाला तसा तो मुलीला जोरजोरात थोपटू लागला. मी खाली जाऊन म्हटलं, "द्या माझ्याकडे." त्याने मुलगी आणखी घट्ट धरली.

मॅनेजर फाटकातल्या छोट्या दाराशी, दिंडीशी आला.

"साहेब, मी येळेर आसंय," तो म्हणाला. "उशीर दाराक झालो."

मॅनेजर क्षणभर घुटमळला. मग त्याने दिंडी उघडून बायकोला बाहेर सोडलं आणि त्याला आत घेतलं.

मुलीला छातीशी धरून तिने मला विचारलं, "उद्या फाटक उघडतला मा?"

मला काय ठाऊक! तरी "उघडेल" म्हणाले, आणि तिच्या चाळीपर्यंत सोबत चालत गेले.